तुझं नाव वहीत नव्हतं

वच्छला, मी तुझ्याशी खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात जरा मोकळा होईल.

सोमवारी दुपारी सावंगीच्या दवाखान्यात तुझ्या कॉटपाशी स्टूल ओढून मी बसले होते. तुझी सून रंजना खाली औषधं आणायला गेली होती. नाकाला नळी लावलेली, तरी तुझं बोलणं काही थांबत नव्हतं. वांग्याला पाणी दिलं का, शेजारच्या कॉटवरच्या बाईला कुणी भेटायला का येत नाही, सगळ्या चौकशा. मग मधेच तू म्हणालीस, "बाई, लिहिलं का माहं नाव?"

कुठं आणि कशात, हे मला विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "लिहिलं."

"कदी?"

"आज सकाळीच."

"मंग दाखवा."

"वही घरी राहिली गं."

तू माझ्याकडं नीट बघितलंस. मग म्हणालीस, "तर उद्या आनजा. अन् माहा चश्मा बी आनजा घरून. तुमी वाचून दाखवू नोका, मी माह्या डोयानं वाचीन." एवढ्या बोलण्यानं तुला धाप लागली, आणि मी तुझी पाठ चोळत बसले.

नाव लिहिलेलं नव्हतं. घरी जाऊन लिहू, उद्या दाखवू, खोट्याचं खरं होऊन जाईल, असा माझा हिशेब. दोन ऑटो बदलून नालवाडीला आले, तुझ्या घरून चष्मा घेतला, वही काढून टेबलावर उघडून ठेवली. पेनाचं टोपणही काढलं होतं. पाठ फार भरून आली होती म्हणून म्हटलं पाच मिनिटं टेकावं. आठ वाजले असतील. ती जी झोपले ती सकाळी रंजनाच्या फोननंच उठले. ती रडत होती, मला शब्द कळत नव्हते, पण कळायचं ते कळलं. टेबलावर कोरं पान तसंच उघडं होतं, पेन वाळून गेलं होतं. पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी, आणि ही माझी अखेरची करामत. त्यातही कारण काय, तर झोप लागली. दुसरं मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

तेरवी परवा झाली. तुझ्या घरची माणसं मला मानानं वेगळा पाट मांडून जेवू घालत होती आणि मी भात नुसता चिवडत होते.

वहीचं आता सविस्तर सांगते. तुला ठाऊक आहे, पण कारण मी तुला कधीच सांगितलं नाही. मला तोंडी प्रार्थना जमत नाही, वच्छला. डोळे मिटले की मन भटकतं. गॅस बंद केला का, उद्याच्या पेपरात प्रश्न कुठला घालायचा, हेच येतं. चर्चमध्ये लोक घडाघडा प्रार्थना करतात, मला त्यांचा हेवा वाटतो. म्हणून नोकरीला लागल्यापासून मी सकाळच्या चहानंतर एकेरी रेघांच्या वहीत लिहून प्रार्थना करते. लिहिताना मन पळालं तर पेन थांबतं, लगेच चोरी पकडली जाते. एकेक नाव, त्याच्यापुढं त्या माणसाचं दुखणं, बस्स. अलंकार नाहीत. मासिकांना पाठवायचे लेख मी चार-चारदा खोडते, या वहीत एक शब्द खोडत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं लिहिणं तेच असेल, आणि ते कुणी वाचावं असं मला कधी वाटलं नाही.

ते वाचलं तू. आणि तुला वाचायला शिकवलं कुणी, तर मीच!

शिकायला तू आलीस ते बियाण्याचं पाकीट घेऊन. दुकानदारानं मागच्या वर्षीचं बियाणं गळ्यात मारलं होतं, अर्धे वाफे उगवलेच नव्हते. पाकिटावर तारीख असते हे तुला नंतर कळलं. माझ्या फाटकात उभी राहून तू म्हणालीस, "बाई, मले वाचाले शिकवा. आता मी कोनाच्या बापाले आयकत नाई." मी हौसेनं पाटीवर तुझं नाव लिहिलं. मोठ्या माणसांना शिकवताना आधी नावच शिकवतात. तू पाटी पुसलीस. "नाव काऊन शिकवता? ते मले माईत हाये. सांभार लिहा." मग तुझा सांभार, म्हणजे माझी कोथिंबीर, मेथी, वांगे, पालक, चवळी असं करत आपण अक्षरं शिकलो. दोन हिवाळ्यांत तू पाकीट वाचलंस, मग पेपर, मग दिसेल ते. बसची पाटी, लग्नाच्या पत्रिका, माझ्या औषधाच्या बाटल्या. "बाई, हे गोयी जेवनानंतर घ्या म्हनून लिहिलं हाये, तुमी आधी घेऊन राह्यल्या." वर्गात इतकी पोरं गेली हाताखालून, असा वाचायचा भस्म्या रोग मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

आणि मग आपल्या दुपारी. तुझ्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली तू उद्याच्या बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधायचीस, केळीच्या सालीची भिजवलेली दोरी दातांनी ओढून. मी समोर बसून माझा नवा लेख वाचून दाखवायची. आपलं ठरलेलं होतं. आवडलं की तू म्हणायचीस, "पुन्हा." नाही आवडलं तर काही म्हणायची नाहीस, फक्त बाजूची बालटी ओढून जुड्यांवर पाणी मारायला लागायचीस. "वाचा न तुमी, मी आयकून राह्यली. सांभार सुकते न बाप्पा." तुझ्या पाण्यानं माझे किती लेख वाहून गेले! संपादकांनी छापलेले लेखसुद्धा तुझ्यापुढं टिकले नाहीत. मी चिडायचे. घरी येऊन वाचायचे तर पाणी मारलं तोच परिच्छेद पोकळ निघायचा.

एकदा मी सेवेवर लेख लिहिला होता. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका नर्सबाईंनी आयुष्यभर रोग्यांची सेवा कशी हसतमुखानं केली, असा. तू सगळा ऐकलास, पाणी मारलं नाहीस, 'पुन्हा'ही म्हणाली नाहीस. जुडी हातात तशीच धरून म्हणालीस, "बाई, तुमच्या लिहिन्यात कोनी थकत काऊन नाई?"

"म्हणजे?"

"मानूस दिवसभर हागमूत काढन अन् हासन? मले तर चार वाफे निंदले का कोनाचं थोबाड पाहू नये वाटते. तुमाले नाई वाटत?"

मला वाटायचं. रोज वाटायचं. पण श्रद्धावंत माणसानं थकलं तरी तसं लिहू नये, अशी माझी समजूत. मी तुला भाषण दिलं, श्रद्धेनं बळ मिळतं वगैरे. तू शेवटी बालटी ओढलीसच.

भांडण झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. तू मेथी घेऊन आली होतीस, मी चहा टाकायला आत गेले. वही टेबलावर राहिली होती. चहा घेऊन बाहेर येते तर तू खुर्चीत बसून ओळीखाली बोट फिरवत वाचत होतीस, आणि मी आले तरी बोट थांबलं नाही. पान संपवून तू मागचं पान उलटलंस, मग त्याच्या मागचं. मी हातात दोन कप घेऊन तशीच उभी.

"बाई, हे रोजचे नाव लिहिता तुमी? देवाले सांगाले?"

"हो."

"त्याले माईत नाई का?"

मी शिकवायच्या आवाजात म्हटलं, "त्याला माहीत असतंच. सांगायचं ते आपल्यासाठी. नाव लिहिलं की ते माणूस दिवसभर आपल्या मनात राहतं."

तू मान हलवलीस. मग सावकाश म्हणालीस, "म्हातारीचा गुडघा हाये. पुन्याले गेलेला पोरगा हाये. पाद्रीसायबाची गाभन गाय हाये. माहं नाई."

मी तुझा कप तुझ्या हातात दिला.

"गायीचं हाये बाई, माहं नाई. मंग मी काय तुमच्या मनात रायत नाई?"

त्या वेळी खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं. मी काय म्हणाले? "ती आमच्या मंडळीची वही आहे, वच्छला." हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं. कुठल्याही सुरात म्हटलं तरी वाईटच लागतं.

तू कप खाली ठेवलास. "मी रोज आंघोय झाल्यावर मारोतीपुढं तुमचं नाव घेते. घरच्यायचं झालं का लगेच तुमचं. तुमाले इचारून घेत होती का मी?" एवढं बोलून तू गेलीस. पंधरा दिवस आली नाहीस. मेथी मात्र रंजनाच्या हाती येत होती, नेहमीसारखी निवडून. मग एक दिवस काही झालंच नाही अशी फाटकात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काही नवं लिहिलं का नाई? का नुसत्या झोपा काढून राह्यल्या?" मला इतकं हायसं वाटलं की तो विषय मी काढलाच नाही. तूही नाही काढलास, थेट त्या सोमवारपर्यंत.

आता ऐक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक पोरगी तापानं फणफणली होती. तिचा बाप येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि नेहमीच्या सवयीनं डोळे मिटून चार शब्द पुटपुटले. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत हजर. "तुमची बाई माह्या पोरीवर काय मंतर मारून राह्यली होती?" हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी त्याची समजूत घातली, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, तुमचं ते मनातल्या मनात राहू द्या." अपमान असा काही झाला नाही. पण त्या दिवसापासून मी दार लावून घेतलं. प्रार्थना वहीत गेली, आणि वहीत फक्त आमच्या माणसांची नावं. दुसऱ्याचं नाव लिहिलं आणि कुणाच्या हाती वही लागली तर? लोक म्हणतील, बाई बाटवायच्या माणसांच्या याद्या करून राहिली.

मी तुला शिकवायला लागले तेव्हा गल्लीत कुजबुज झालीच होती. तुझी जाऊ तुला म्हणाली होती की ती बाई अक्षरं शिकवता शिकवता तुला बाटवणार. त्यावर तू भर नळावर दिलेलं उत्तर माझ्यापर्यंत पोचलं होतं. "बाई मले काय बाटवते? तिले अजून सांभाराची जुडी बांधता येत नाई." मी दोन दिवस हसत होते. पण भीती गेली नाही. तुझं नाव माझ्या वहीत निघालं तर तुला तुझ्याच घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तुझं वाचणं बंद करतील, असं मला वाटायचं. तुला जपायचं म्हणून मी तुला गाळलं.

निदान असं मी स्वतःला सांगत आले. आता तू नाहीस, आणि रागावायलाही कुणी उरलं नाही, तर धडधडीत सांगते. मी मला जपत होते. तू नळावर दहा बायकांत माझी बाजू घेतलीस, आणि मला चार भिंतींच्या आत, माझ्याच वहीत, तुझं नाव लिहायची हिंमत झाली नाही. कसली ही माझी श्रद्धा? जिचं दुखणं मला सगळ्यात जास्त दिसत होतं, तिच्याबद्दल मी प्रभूशी रोज सकाळी गप्प बसत होते. तुला दम लागायला लागला त्याला दीड वर्ष झालं. दीड वर्ष मी लोकांचे गुडघे लिहीत होते.

तू गेल्यानंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. तरुण आहेत, मनानं फार चांगले. गाय त्यांचीच. मी विचारलं, एका मैत्रिणीचं नाव लिहायचं राहून गेलं, आता लिहिलं तर चालेल का? त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "बाई, गेलेल्यांसाठी आपण मागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? त्यांच्याबद्दल उपकार मानायचे. मागणं जिवंत माणसांसाठी." बरोबरच आहे. मी स्वतः संडे स्कूलच्या पोरांना हेच शिकवलं. तरी त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला की हात सोडवून मी चालायला लागले. जिवंत होतीस तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून लिहिलं नाही, आणि आता लिहावं तर नियमात बसत नाही. घरापर्यंत चालत आले. वाटेत दोनदा बसावं लागलं, एकदा पुलाच्या कठड्यावर आणि एकदा बंद पानठेल्याच्या फळीवर.

मी थकले आहे, वच्छला. हे लिहिताना मला तो नर्सबाईंचा लेख आठवतो. खरंच, माझ्या लिहिण्यात कुणी थकत नव्हतं, कारण मी खोटं लिहीत होते. तुझ्याइतका कडक वाचक मला मिळाला नसता तर मरेपर्यंत मी तसंच गुळगुळीत लिहीत राहिले असते आणि लोक छान छान म्हणत राहिले असते. मला लोक 'बाई, तुम्ही तिला वाचायला शिकवलंत' म्हणतात. तेरवीलाही दोघी-तिघींनी म्हटलं. त्यांना काय सांगू? अक्षरं मी शिकवली, वाचायचं कसं ते तू मला दाखवलंस. ओळीखाली बोट ठेवून, एकही नाव न गाळता, आणि जे नाही ते कुठं आहे हे विचारत. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मेथीचे मानत होते तेवढेच.

पंधरा दिवस वही उघडली नव्हती. आज दुपारी ती पिशवीत टाकली, तुझा चष्माही टाकला. चष्म्याची एक दांडी तू दोऱ्यानं बांधली आहेस, ती सुटायला आली होती, ती नीट बांधली आणि वावरात आले. बाभळीखाली रंजना सांभाराच्या जुड्या बांधत होती. तिला तुझ्यासारखं दातांनी ओढायला जमत नाही, ती गुडघ्याला अडकवून ओढते. मला बघून म्हणाली, "या बाई, बसा. आत्याबाई गेल्या तं तुमी इकडं येनंच सोडलं." मी तिला चष्मा दिला. तिनं हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत माझ्यापुढं धरला. "तुमच्यापाशीच राहू द्या. मले पाहवत नाई."

मी धुऱ्यावर बसले. मांडीवर वही घेतली, आणि रंजनासमोर, भर उजेडात, बाजूच्या वावरातल्या दोन बायका माना वर करून बघत असताना लिहिलं. पाळकसाहेबांना काय म्हणायचं ते म्हणोत. नियम मोडला असेल तर मोडला, त्याचं वर गेल्यावर मी बघून घेईन. जास्त काही सुचलं नाही. मग ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

"वच्छला. नालवाडी. फार दम लागतो तिला. ती थकली आहे, मीही थकले आहे. प्रभू, तिला बसायला जागा दे, आणि बाजूला थोडी माझ्यासाठी ठेव."

रंजनाचे हात थांबले होते. बालटी तिच्या अगदी शेजारी होती, तिनं तिला हात लावला नाही. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा दोरी उचलली. 'पुन्हा' म्हणायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

मग मीच पुन्हा वाचलं.